पतंगाचा सण

पौष महिन्यातली थंडी पडली की घरातली बायामाणसे तीळ निवडायला बसतात. गूळ येतो, हलव्याची तयारी होते. भोगीला बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी होते. पण पोरांचे चित्त तिळगुळात थोडे आणि आभाळात फार असते. कारण संक्रांत म्हणजे पोरांच्या लेखी पतंगाचा सण. या धड्यात आपण त्या पतंगाची माहिती घेऊ. तो कसा उडतो, मुलांना तो एवढा का आवडतो आणि त्याच्या दोऱ्याकडे आपण मोठ्या माणसांनी का लक्ष द्यावे, हे पाहू.

संक्रांत केव्हा येते?

आपले पुष्कळसे सण चंद्राच्या तिथीवर चालतात. त्यामुळे ते दर वर्षी पुढेमागे होतात. संक्रांत मात्र सूर्यावर चालते. सूर्य मकर राशीत जातो, तो हा दिवस. म्हणून ती जवळजवळ ठरलेल्या तारखेला येते. हल्ली ती १४ जानेवारीला, कधी १५ जानेवारीला येते. पूर्वी ती याच्याही आधी येत असे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला. तो दिवस संक्रांतीचाच होता. सुमारे सत्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते, असा हा हिशेब आहे.

या दिवसांत पाऊस नसतो. आभाळ स्वच्छ असते. ऊन अंगाला गोड लागते. दुपारी वारा बरा असतो. पतंगाला याहून अधिक काय पाहिजे?

वर्सोव्याचा किनारा

मुंबईत अंधेरीच्या पश्चिमेस समुद्राकाठी वर्सोवा आहे. त्याचे जुने नाव वेसावे. हे कोळ्यांचे गाव. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. खाडीच्या पलीकडे मढ. गावात होड्या, जाळी आणि वाळत घातलेले बोंबील. आता भोवती उंच इमारती झाल्या आहेत. २०१४ सालापासून घाटकोपरहून वर्सोव्यापर्यंत मेट्रो गाडीही येते. तरी कोळीवाडा आपल्या जागी आहे आणि किनाऱ्याची वाळूही आहे.

संक्रांतीच्या दिवसांत या वाळूवर पोरे पतंग घेऊन येतात. कुणी कोळीवाड्यातले, कुणी चाळीतले, कुणी इमारतीतले. कुणाचे आईबाप साताऱ्याकडून आलेले, कुणाचे गुजरातेतून, कुणाचे उत्तरेकडून. बोली निराळ्या, पण आभाळाकडे पाहून मारलेली आरोळी एकच. आम्ही तेथे उभे राहून पुष्कळ वेळ पाहिले आहे. दोन रुपयांचा कागद वर चढतो आणि खाली दहा तोंडे हसू लागतात. ज्याचा पतंग आहे तो हसतो, फिरकी धरणारा हसतो, आणि नुसता बघणाराही हसतो. असे खेळ थोडे.

वाऱ्याची गंमत

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर एक गोष्ट ध्यानात येते. सकाळी पतंग समुद्राच्या बाजूला जातो. दुपारी तोच पतंग जमिनीच्या बाजूला, घरांकडे जातो. असे का?

रात्री जमीन लवकर निवते. समुद्राचे पाणी तितके लवकर निवत नाही. म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. त्याला मतलई वारा म्हणतात. दिवसा ऊन झाले की जमीन लवकर तापते. तिच्यावरची हवा तापून हलकी होते आणि वर जाते. तिची जागा भरायला समुद्रावरची गार हवा धावून येते. हा खारा वारा. जानेवारीत दुपारी हा खारा वारा सुटतो, आणि पोरांचे खरे पतंग तेव्हाच चढतात.

हे वारे कोळी माणूस पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा याच वाऱ्यावर जाणे आणि येणे होते. आता होड्यांना यंत्रे आली. पण वाळूवर बसलेला म्हातारा नाखवा आजही पोरांना सांगतो, "अरे पोरांनो, आधी वारा बघा, मग दोरा सोडा." मूठभर वाळू सोडली की वारा कुठून कुठे जातो ते कळते. तुमच्या गावी समुद्र नसेल. तेथे मूठभर भुसा सोडून पाहा. उफणणी करणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही.

पतंग का उडतो?

पतंग म्हणजे काय? एक पातळ कागद आणि बांबूच्या दोन काड्या. उभी काडी ताठ असते. आडवी काडी बारीक असते, ती कमानीसारखी वाकवतात. कागद खळीने चिकटवतात. मग दोऱ्याने कन्नी बांधतात. दोऱ्याचे एक टोक जेथे दोन्ही काड्या एकमेकींवर येतात तेथे, आणि दुसरे टोक उभ्या काडीवर खालच्या बाजूला. तुमच्याकडे कन्नीला दुसरा शब्द असेल, पण काम तेच.

कन्नी नीट असली म्हणजे पतंग वाऱ्यापुढे थोडा तिरपा उभा राहतो. वारा येऊन त्या तिरप्या कागदावर आपटतो. कागद त्याला खाली वळवतो. वारा खाली ढकलला गेला की पतंग वर ढकलला जातो. नदीत वल्हे मारताना आपण पाणी मागे लोटतो आणि होडी पुढे जाते. तसाच हा प्रकार आहे.

पण नुसत्या वाऱ्याने काम भागत नाही. दोरा पाहिजे. दोरा पतंगाला धरून ठेवतो, म्हणून तो वाऱ्यापुढे तिरपा उभा राहतो. दोरा तुटला की पतंग मोकळा झाला असे वाटते. पण तो वर जात नाही. गिरक्या घेत खाली येतो.

पतंग एका अंगाला झुकू लागला तर दुसऱ्या अंगाच्या टोकाला चिंधी बांधतात. तराजूला पासंग लावावा तसे. अगदी लहान मुलाच्या पतंगाला कागदाची लांब शेपटी लावावी. त्याने पतंग डुगडुगत नाही. हे सारे घरी करता येते. जुने वर्तमानपत्र, बांबूची चोय आणि भाताची खळ एवढ्यावर पतंग होतो. विकतच्या पतंगापेक्षा आपल्या हातचा पतंग वर गेलेला पाहून पोराची छाती दुप्पट फुगते.

येवल्याचे तीन दिवस

आपल्या महाराष्ट्रात पतंगासाठी नाशिक जिल्ह्यातले येवले गाव प्रसिद्ध आहे. तेच पैठणीचे येवले. तेथे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गाव गच्चीवर असते. फिरकीला तेथे आसारी म्हणतात. बापे, बाया, पोरे, म्हातारे सगळे वर चढतात. गुजरातेत या सणाला उत्तरायण म्हणतात. अहमदाबादेस १९८९ सालापासून देशोदेशींचे पतंगवाले जमतात.

पतंगाचा हा नाद आजचा नाही. आपल्या जुन्या मराठीत पतंगाला वावडी असा शब्द आहे.

पोरांच्या खेळातून झालेली मोठी कामे

कुणी म्हणेल, हा नुसता रिकामा खेळ. तसे नाही. अमेरिका आणि कॅनडा या देशांच्या मध्ये नायगारा नावाची नदी आहे. तिची दरी खोल आणि पाण्याला ओढ भयंकर. तिच्यावर झुलता पूल बांधायचा होता. पण पहिली दोरी पलीकडे न्यायची कशी? १८४८ साली पतंग उडवणाऱ्यांना बक्षीस लावले. होमन वॉल्श नावाच्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने आपला पतंग नदीपार नेला. त्याच्या दोऱ्याला जाड दोरी बांधली, तिला आणखी जाड दोर बांधला, आणि असे करीत लोखंडी तारा पलीकडे गेल्या. पूल झाला.

विमानाचेही तसेच. अमेरिकेतल्या राइट बंधूंनी १८९९ साली आधी पतंग उडवून वाऱ्याचा अभ्यास केला. मग १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे यंत्राचे विमान उडाले. वर्सोव्याच्या दक्षिणेला जुहू आहे. तेथल्या विमानतळावर १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन विमानाने उतरले. पोराच्या हातातला पतंग आणि आभाळातले विमान यांचे नाते असे जवळचे आहे. म्हणून पोर पतंगामागे लागले तर लगेच रागावू नये. वारा, वजन, तोल यांचा धडा ते हसत हसत शिकत असते.

दोरा की सुरी?

आता मुख्य गोष्ट. पतंगाची काटाकाटी होते. दुसऱ्याचा पतंग कापावा म्हणून दोऱ्याला धार लावतात. सुती दोऱ्याला खळ आणि काचेची पूड लावून वाळवतात. हा मांजा. त्याने बोटे कापतात. पण याहून फार वाईट दोरा पुढे बाजारात आला. तो नायलॉनचा. लोक त्याला चिनी मांजा म्हणतात. तो कुठेही बनला असो, त्याचा गुण एकच. तो सहज तुटत नाही, कुजत नाही आणि उन्हात दिसत नाही.

रस्त्यावरून माणूस दुचाकीवर चालला आहे. पुढे त्याचे लहान मूल उभे आहे. कापलेल्या पतंगाचा दोरा रस्त्यावर आडवा लोंबतो आहे. सुती दोरा असता तर अंगावर येऊन बहुधा तुटला असता. नायलॉनचा तुटत नाही. तो गळ्यात शिरतो. अशाने महाराष्ट्रात आणि इतरत्र माणसे मेली आहेत, लहान मुलेही मेली आहेत. कुणाच्या पोराची मजा आणि कुणाच्या पोराचा गळा. हा कसला सण?

पाखरांचेही तेच. वर्सोव्याच्या खाडीकाठी तिवरांची झाडे आहेत. तेथे बगळे वस्तीला येतात. किनाऱ्यावर घारी घिरट्या घालतात. थंडीत दूरदेशचे कुरव पक्षी येतात. पाखराला बारीक दोरा दिसत नाही. पंख कापतो आणि पाखरू खाली पडते, नाही तर झाडात लटकून राहते. सण संपतो, पण नायलॉनचा दोरा झाडावर कितीतरी महिने तसाच असतो. दर संक्रांतीला परळच्या बाई साकरबाई जनावरांच्या इस्पितळात मांज्याने जखमी झालेली पाखरे येतात.

म्हणून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी साऱ्या देशात नायलॉनच्या आणि तसल्या कृत्रिम मांज्यावर बंदी घातली. तो बनवणे, विकणे, साठवणे आणि वापरणे मना आहे. मुंबईत संक्रांतीच्या आधी पोलीसही तसा हुकूम काढतात. तरी चोरून विक्री होते. दुकानदार विकतो, कारण घेणारा आहे. आणि घेणाऱ्या पोराच्या हातात पैसे कोण देतो? आपणच.

दोरा कसा ओळखावा?

दोरा पोराला एकट्याला आणू देऊ नये. आपण बरोबर जावे. आता तुम्हांला वाचता येते. रिळावर काय लिहिले आहे ते वाचावे. नायलॉन, कृत्रिम, औद्योगिक वापरासाठी, असे काही असेल तर ते रीळ परत द्यावे. काही लिहिलेलेच नसेल, किंवा अक्षरे परक्या भाषेतली असतील, तर दोऱ्याची परीक्षा करावी.

एक, दोऱ्याचा तुकडा दोन्ही हातांनी ओढावा. हाताला फडके गुंडाळावे. साधा सुती दोरा झटक्याने तुटतो. नायलॉनचा ताणतो, पण सहज तुटत नाही.

दोन, दोऱ्याचे टोक काडी लावून जाळावे. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि त्याची राख होते. नायलॉनचा वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. हे काम मोठ्या माणसानेच करावे.

साध्या सुती दोऱ्यावर पतंग तितकाच उंच जातो. वाऱ्याला धार लागत नाही. काटाकाटी करायचीच असेल तर ओढ देणे आणि ढील देणे, या हातच्या कसबावर करावी.

थोडी काळजी

मोकळ्या मैदानात, शेत रिकामे असेल तर शेतात, नाही तर किनाऱ्यावर पतंग उडवावा. कठडा नसलेल्या गच्चीवर मूल चढू देऊ नये. पतंग उडवणारा वर पाहत मागे मागे सरकतो, आणि मागे काय आहे हे त्याला दिसत नाही. विहीर, रस्ता आणि रेल्वेचा रूळ यांच्याजवळ पतंग नको. विमानतळाजवळही नको.

विजेच्या तारेवर पतंग अडकला तर तो गेला असे समजावे. काठीने, गळाने काढू नये. पोराचा जीव तारेवर टांगू नये. पाहिजे तर दुसरा पतंग करून द्यावा.

सकाळी उजाडताना पाखरे चाऱ्याला निघतात आणि सांजेला परततात. त्या दोन वेळा पतंग खाली घ्यावा. दुपार पतंगाची, सकाळ-सांज पाखरांची, अशी वाटणी करावी. वारा दुपारीच असतो, त्यामुळे पोरांचे काही जात नाही.

जखमी पाखरू सापडले तर त्याच्या अंगातला दोरा ओढू नये. लांबचा दोरा कात्रीने कापावा. पाखरावर फडके टाकून त्याला भोके पाडलेल्या खोक्यात ठेवावे. तोंडात पाणी ओतू नये. जनावरांच्या दवाखान्यात न्यावे. माणसाचा गळा किंवा हात कापला तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे. ते सारखे उचलून पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दुचाकीवरून जाताना या दिवसांत गळ्याला जाड उपरणे किंवा मफलर गुंडाळावा. लहान मुलाला पुढे उभे करू नये.

मुलींच्या हाती पतंग

आणखी एक गोष्ट पाहण्यात येते. भाऊ पतंग उडवतो आणि बहीण फिरकी धरते. दिवसभर फिरकी धरून तिचे हात दुखतात, आणि "थोडा मला दे की" म्हटले तर भाऊ म्हणतो, "तुला नाही जमायचं." वर्सोव्याच्या वाळूवर आम्ही मुलींनाही पतंग चढवताना पाहिले आहे. वारा मुलगा-मुलगी पाहत नाही. घरात दोन मुले असतील तर पाळी लावून द्यावी. येथे आईने बोलावे, म्हणजे काम होते.

सण झाल्यावर

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर एके काळी कचऱ्याचे ढीग होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह नावाचे वकील आपल्या शेजाऱ्याला घेऊन तो कचरा उचलू लागले. मग लोक जमत गेले, कोळी बंधूही आले. पुष्कळ आठवडे काम चालले. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूत समुद्री कासवांची पिल्ले दिसली. वाळू साफ झाली, तर मुकी जनावरेही परत येतात.

तेव्हा सण झाला की फाटके पतंग आणि तुटका दोरा मुलांकडून गोळा करवावा. ज्याचा गुंडा सर्वांत मोठा, त्याला तिळगुळाची एक वडी जास्त. मग पाहा, पतंगामागे पळणारी पोरे दोऱ्यामागेही पळतील. गोळा केलेला दोरा बारीक कापून कचऱ्यात टाकावा. अख्खा टाकला तर तो पुन्हा गाईच्या पोटात किंवा पाखराच्या पायात जातो.

नामदेवांचा दृष्टांत

आपले संत नामदेव पंढरपुराहून उत्तरेत पंजाबपर्यंत गेले. शीख लोकांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या एका पदात पतंगाचा दृष्टांत आहे. पोर कागद आणते, पतंग करते आणि आभाळात सोडते. सवंगड्यांशी गप्पा चालू असतात. पण त्याचे चित्त दोऱ्यावर असते. त्याच पदात पुढे आईचा दाखला आहे. बाळ पाळण्यात निजले आहे, आई आतबाहेर कामात गुंतली आहे, पण तिचे चित्त बाळावर आहे. नामदेवांनी हे देवाच्या नावाविषयी सांगितले. पण संसारातही ते खरे आहे.

संक्रांतीला पोर दोऱ्यावर चित्त ठेवील. आपण पोरावर आणि त्याच्या हातातल्या दोऱ्यावर चित्त ठेवावे. एवढे झाले तर त्याचा आनंद पुरता त्याच्या पदरात पडेल आणि त्यापायी कुणाच्या घरी रडे होणार नाही.

हा धडा घरच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. दोरा ओळखायच्या दोन खुणा दोनदा वाचा. आणि संक्रांतीच्या दुपारी तासभर काम बाजूला ठेवून त्यांच्याबरोबर माळावर जा. पतंग वर गेला की दोरा क्षणभर तुमच्याही हातात मागून घ्या. वारा कसा ओढतो ते हाताला कळेल, आणि पोरे एवढी का हसतात तेही कळेल.